साखरच तर आहे!

भावाची घासाघीस सुरू झाली की आपल्याकडे काही ठरावीक वाक्ये हमखास बाहेर पडतात. शिंप्याकडे 'दोन टाके तर घालायचेत', सुताराकडे 'एक फळी तर ठोकायचीय', आणि घरी बसून काम करणाऱ्या बाईला 'तुम्ही काय, घरीच तर असता'. या वाक्यांच्या कुळात अलीकडे एका नव्या वाक्याची भर पडली आहे. केकवर लावण्यासाठी साखरेची फुले करणाऱ्या बायकांना ते वरचेवर ऐकावे लागते : 'अहो, साखरच तर आहे!' वाक्य खोटे नाही. फूल साखरेचेच असते. पण खरे बोलूनही माणसाला नाडता येते, त्यातला हा प्रकार आहे.

विषय किरकोळ वाटेल. देशापुढे इतके प्रश्न असताना केकवरच्या फुलांचे काय घेऊन बसलात, असेही कुणी म्हणेल. पण लग्नाचे स्वागत समारंभ, नातवाचा पहिला वाढदिवस, आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस अशा निमित्ताने मध्यमवर्गीय घरात केक आता आला आहे आणि तो जाणार नाही. वांद्रे, वसई, गोवा इथल्या ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाचा केक जुनाच. बाकीच्यांकडे तो गेल्या पंधरा-वीस वर्षांत रुळला. केक आला, त्यामागोमाग त्यावरची फुले आली आणि ती करणाऱ्या शेकडो बायका आपापल्या स्वयंपाकघरांत कामाला लागल्या. त्या आपल्याच सोसायटीत राहतात, आपल्याच नात्यातल्या असतात. म्हणून हा विषय रविवारी सकाळी घरात सगळ्यांनी मिळून बोलण्यासारखा आहे.

माझी एक भाची ठाण्याला राहते. वनस्पतिशास्त्राची पदवीधर, मुले शाळेत जाऊ लागल्यावर तिने हे काम शिकून घेतले. गेल्या पावसाळ्यात चार दिवस तिच्याकडे मुक्काम होता, तेव्हा एका मागणीचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायला मिळाले. पाहिले ते आधी सांगते, मत नंतर.

आयसिंगची साखर म्हणजे मैद्यासारखी वस्त्रगाळ पिठीसाखर. तिला ताण यावा म्हणून त्यात डिंक घालतात. पूर्वी ट्रॅगाकंथ नावाचा, इराणकडच्या काटेरी झुडपांपासून मिळणारा डिंक वापरत. आता बहुतेक जणी सीएमसी नावाची पांढरी पूड घालतात. इंग्लंडात हे पीठ अंड्याच्या पांढऱ्यात मळायची पद्धत आहे. आपल्याकडे अंडे न चालणारी गिऱ्हाइके पुष्कळ, त्यामुळे पाण्यात मळलेले पीठही चालते. मळलेला गोळा रात्रभर मुरवतात. दुसऱ्या दिवशी त्यातून बोराएवढा तुकडा काढायचा आणि बाकीचा लगेच झाकून ठेवायचा, कारण उघडा राहिला तर बघता बघता त्यावर पापुद्रा धरतो. तुकडा इतका पातळ लाटायचा की खाली वर्तमानपत्र ठेवले तर अक्षरे वाचता यावीत. पुरणपोळी लाटणाऱ्या बाईलाही घाम फुटावा असे हे लाटणे.

मग तार. पांढऱ्या कागदात गुंडाळलेल्या या तारांना नंबर असतात आणि त्यांचा हिशेब उलटा असतो : आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. देठाला १८ किंवा २० नंबरची जाड तार, पाकळीला २६ किंवा २८ ची. पाकळी लाटतानाच तिच्या मध्यावर एक शीर जाड ठेवायची, तारेचे टोक किंचित ओले करायचे आणि त्या शिरेत पाकळीच्या साधारण निम्म्यापर्यंत सरकवायचे. हात जरा हलला की तार पाकळी फाडून बाहेर येते. मग ती पाकळी स्पंजावर ठेवून गोल टोकाच्या काडीने तिची कड दाबत न्यायची, म्हणजे कडेला नैसर्गिक चुण्या पडतात.

एक लिली म्हणजे सहा पाकळ्या. तीन रुंद, तीन अरुंद. प्रत्येकीला वेगळी तार. आत सहा पुंकेसर, मधोमध एक स्त्रीकेसर, त्यांनाही तारा. म्हणजे एका फुलाला तेरा तारा झाल्या. पाकळ्या वाळल्या की त्यांवर कोरडा रंग कुंचल्याने चढवायचा. मग एकेक पुंकेसर, एकेक पाकळी मेणाच्या कागदी पट्टीने बांधत जायचे. ही पट्टी ताणल्याशिवाय चिकटत नाही. म्हणून डाव्या हातात फूल, उजव्या हातात ताणलेली पट्टी आणि नजर तिसरीकडे, अशी ती भाची तासन् तास बसलेली असे. सगळे जुळल्यावर फूल किटलीच्या वाफेवर क्षणभर धरायचे, म्हणजे रंग बसतो. क्षणाचे दोन क्षण झाले तर फूलच बसते.

गुलाबाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या गाभ्याचा कोन आदल्या दिवशी आकड्यासारख्या वळवलेल्या तारेवर वाळवून ठेवावा लागतो. ओल्या कोनावर पाकळी चढवली तर सगळेच खाली घसरते. त्यावर पाकळ्यांचे वेढे एकामागून एक, प्रत्येक पाकळीची कड शेजारणीच्या कडेखाली सरकवत. शेवटी खाली पाच हिरवी निदले. पाचच का, म्हणून विचारले, तर ती म्हणाली, "मावशी, खऱ्या गुलाबाला पाचच असतात. कुणी मोजत नाही, पण सहा केली तर फूल खोटं दिसतं."

आणि या सगळ्यावर आपला पाऊस. साखर हवेतले पाणी ओढून घेते. मुंबई-ठाण्याच्या जुलै महिन्यात दुपारी ताठ असलेली पाकळी संध्याकाळपर्यंत मान टाकते. त्यासाठी भाचीने हवेतला ओलावा शोषणारे यंत्र घेतले आहे आणि ते चालते त्या खोलीत बाकी कुणाला प्रवेश नाही. फुले फ्रिजमध्ये ठेवून चालत नाही. बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरते आणि ती विरघळू लागतात.

ती मागणी पाच गुलाब, तीन लिली, काही कळ्या आणि पाने अशी होती. माझा जन्म बँकेत गेला, त्यामुळे मी सवयीने कागद-पेन्सिल घेऊन बसले. गुलाबांना ६ तास, लिलींना साडेपाच, कळ्या आणि पानांना मिळून ७, रंगकामाला ३, सगळ्याचा गुच्छ बांधायला ३, खोक्यात भरून हॉलवर नेऊन लावायला दीड. एकूण २६ तास. सामान ९०० रुपयांचे, त्या यंत्राचे आणि दिव्याचे वीजबिल अंदाजे ४०० रुपये. तिने भाव सांगितला होता ६,००० रुपये. गिऱ्हाइकाने, म्हणजे चांगल्या सुशिक्षित घरातल्या बाईंनी, हसत हसत तो ३,५०० वर आणला. युक्तिवाद अर्थातच शीर्षकातला. ६,००० मिळाले असते तर तासाला सुमारे १८० रुपये पडले असते. ३,५०० ला ते ८५ रुपयांच्या आत आले. त्याच घरी त्या संध्याकाळी मेंदी काढायला आणि केस बांधायला आलेल्या मुलींशी मात्र कुणी घासाघीस केली नव्हती, असे भाचीने सांगितले. कारण त्यांचे काम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाले. फुलांचे २६ तास बंद दाराआड गेले.

साखरेचाच हिशेब करायचा, तर तोही करू. आपल्या महाराष्ट्राला साखरेचा हिशेब शिकवायला नको. उसाला रास्त आणि किफायतशीर दर मिळावा म्हणून इथे रस्ते अडतात, सरकारे हलतात. कारखान्यांना साखर फार स्वस्तात विकावी लागू नये म्हणून केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये असा ठरवला होता. म्हणजे ऊस शेतात असताना त्याला दर, पोत्यात साखर झाली की तिलाही दर. त्याच साखरेला बाईच्या बोटांनी हात लावला आणि तिचा गुलाब झाला की मात्र दर नाहीसा होतो. तिथून पुढे सगळे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आणि बाईच्या भिडेवर.

'साखरच तर आहे' या वाक्याला इतिहासानेही एक चांगले उत्तर देऊन ठेवले आहे. ही कला मुळात युरोपातली. साखर दुर्मीळ होती तेव्हा राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांत साखरेचे किल्ले, प्राणी, फुले मांडत; यजमानाची श्रीमंती दाखवण्याचा तो मार्ग होता. व्हेनिसमध्ये १५७४ साली फ्रान्सच्या तिसऱ्या हेन्रीच्या स्वागताला मेजावरचे रुमाल आणि थाळ्यासुद्धा साखरेच्या केल्या होत्या. पुढे साखर स्वस्त झाली. ती स्वस्त होण्यामागे वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरच्या गुलामांचे हाल होते, हेही विसरू नये. साखर स्वस्त झाल्यावर इंग्लंडातल्या मध्यमवर्गाच्या लग्नातही पांढरा, नक्षीदार केक आला.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने केकवर आयसिंग करायला बंदी घातली. साखर जपून वापरायची होती. लग्ने काही थांबली नाहीत. मग बेकरीवाल्यांनी युक्ती काढली : पुठ्ठ्याचे आणि प्लास्टरचे, नक्षीकाम केलेले पोकळ केक भाड्याने द्यायला सुरुवात केली. आत एक लहानसा साधा केक ठेवायचा, वर हे झाकण. फोटो काढायचा, झाकण उचलायचे, केक कापायचा, झाकण परत करायचे. म्हणजे साखर संपली तरी लोकांना तो देखावा हवाच होता आणि त्यासाठी ते पैसे मोजत होते. लोक पैसे मोजत होते ते कसबाचे. साखर नव्हतीच! आपल्याकडेही आज मोठ्या केकचे खालचे मजले पुष्कळदा थर्मोकोलचे असतात आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते.

युद्धानंतर १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात नऊ फूट उंचीचा केक झाला, तेव्हा साखरेचे रेशनिंग चालूच होते. त्याचे जिन्नस साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आले होते. २०११ मध्ये तिचा नातू विल्यम याच्या लग्नातला आठ मजली केक फिओना केर्न्स यांनी केला. त्यावर सुमारे ९०० साखरेची फुले होती. जगभरच्या वर्तमानपत्रांत त्या बाईंचे नाव छापून आले. राजघराणे झाले म्हणून काय, केक करणारीचे नाव सांगायला त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्या समारंभात फोटोग्राफरचे नाव पडद्यावर झळकते, केटररचा फलक दारात असतो, आणि फुले करणारी मागच्या दाराने येऊन फुले लावून जाते.

आता कुणी म्हणेल, हे सगळे साहेबाचे चोचले; आपला काय संबंध? संबंध चांगला जुना आहे. साखरेचा दागिना घडवणाऱ्या बायका महाराष्ट्राला नव्या नाहीत. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि तिच्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने, बोरन्हाणाला बाळाच्या डोक्यावर हलव्याचा मुकुट आणि हातात बासरी, हे कोणत्या घराला ठाऊक नाही? त्या हलव्याचा एकेक दाणा कसा होतो, हे मात्र नव्या पिढीला ठाऊक नसेल. मंद शेगडीवर परात ठेवायची, तिच्यात तीळ किंवा साबुदाणा, वरून चमच्याने पाकाचे थेंब आणि बोटांनी सतत फिरवणे. पाक वाळला की पुन्हा थेंब. दिवसचे दिवस हे चालते. थंडी चांगली पडली तर काटा फुटतो, नाही तर दाणा बोडका राहतो. बोटांची टोके भाजून निबर होतात. मग तो दाणा दोऱ्यात किंवा बारीक तारेत ओवायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा. तार, साखर आणि बाईची बोटे, हे तिन्ही तिथेही होतेच.

आमच्या आईची पिढी हे घरी करायची आणि त्याला 'हौस' म्हणायची. पुढे दादरला, तुळशीबागेत तयार दागिने मिळू लागले आणि तिथेही भाव करताना वाक्य तेच : 'साखर नि पुठ्ठा, त्याचे एवढे?' रुखवतात मांडलेल्या वस्तूंचेही तेच. बाईच्या हातच्या नाजूक कामाला आपण कौतुक पोटभर देतो. 'काय सुंदर हात आहे हो तुमचा!' असे म्हणताना आपली जीभ अडखळत नाही, खिशाकडे हात जाताना मात्र तो अडखळतो.

यात बायकांचाही वाटा आहे आणि तो मी जवळून पाहिला आहे. बँकेत असताना मसाले, पापड, शिवणकाम यांसाठी कर्ज मागणाऱ्या बायकांचे अर्ज माझ्या टेबलावर येत. त्यात कच्च्या मालाचा खर्च पैशापैशाने लिहिलेला असे. भाडे, वीज, वाहतूक सगळे चोख. 'मजुरी' या रकान्यात मात्र स्वतःच्या नावापुढे शून्य, नाही तर एक आडवी रेघ. विचारले तर उत्तर ठरलेले : 'मी तर घरचीच.' स्वतःच्या कामाला जिने आधीच शून्य मांडले, तिच्यासमोर गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर ती कशाच्या आधारावर नाही म्हणणार? उलट उदाहरणही मुंबईतच आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे पापड लाटणाऱ्या बहिणींना किलोमागे लाटण्याचा मोबदला ठरलेला असतो. उद्योग वाढला त्यामागे चवीइतकाच हा ठरलेला मोबदलाही आहे, असे मला वाटते. लाटणे हे काम आहे, ही गोष्ट पहिल्यापासून मान्य केलेली होती.

माझ्या भाचीने ते ओलावा शोषणारे यंत्र घेण्यासाठी एका बँकेत कर्जाची चौकशी केली, तेव्हा तिला विचारण्यात आले, "हा तुमचा छंद आहे की व्यवसाय?" २०१५ पासून मुद्रा योजनेत शिशु गटातले ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय द्यायचे आहे. पण योजना कागदावर असून भागत नाही; टेबलापलीकडच्या माणसाला साखरेचे फूल हा व्यवसाय वाटायला हवा. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी २०२२ मध्ये अंडे न घातलेल्या रॉयल आयसिंगमधून मिलानच्या कॅथेड्रलवरून सुचलेली १०० किलोंची वास्तू उभी केली आणि तिची विक्रम म्हणून नोंद झाली. अशा बातम्या आल्या की लोकांचा दृष्टिकोन थोडा बदलतो. पण प्रत्येकीने विक्रम करावा आणि मगच तिला तासाचे पैसे मिळावेत, हा काही न्याय झाला नाही.

गिऱ्हाइकाची बाजूही आहे, ती नाकारता येत नाही. लग्नाचा खर्च आधीच आवाक्याबाहेर गेलेला असतो. खरी फुले स्वस्त मिळतात, साच्यातून काढलेली साखरेची फुले त्याहून सोपी, आणि प्लॅस्टिकची तर विचारायलाच नको. मग जास्त पैसे का मोजावेत? माझे म्हणणे एवढेच की नसतील मोजायचे तर जरूर मोजू नका. साच्यातली फुले घ्या. खरी फुले लावणार असाल तर ती फवारणी केलेली नाहीत आणि कण्हेरीसारखी विषारी नाहीत, एवढे मात्र पाहा. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. पण हाताने केलेला, तारेवर बांधलेला गुलाब हवा आणि भाव साच्यातल्या गुलाबाचा, हे चालणार नाही.

आणि करणारणींकडूनही काही अपेक्षा आहेत. तास लिहून ठेवा. वहीत, तारीखवार. भाव सांगताना साखरेचा सांगू नका, तासांचा सांगा. फुलाच्या आत तार असते, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. 'सगळे खाण्यायोग्य' असे म्हणून तारेचे फूल लहान मुलाच्या हाती जाऊ देणे हा गुन्हाच आहे. तार उघडी केकमध्ये खुपसू नका. तिच्यासाठी प्लॅस्टिकची नळी मिळते, ती वापरा, आणि केक कापण्याआधी गुच्छ उचलून घ्यायला सांगा. जी बाई हे आपणहून सांगते, तिचा भाव गिऱ्हाईक सहसा पाडत नाही, असा माझा अनुभव आहे. विश्वासाला बाजारात किंमत असते. बँकेत तर आम्ही दुसरे काही विकतच नव्हतो.

उचललेल्या गुच्छाचे काय करायचे, हाही प्रश्न असतोच. बहुतेक ठिकाणी तो कागदी प्लेटांबरोबर कचऱ्यात जातो. त्याची गरज नाही. कोरड्या जागी, उन्हापासून दूर, झाकणाच्या काचेच्या बरणीत ही फुले वर्षानुवर्षे राहतात. लग्नाच्या अल्बमशेजारी ती बरणी शोभून दिसेल.

तेव्हा येत्या मोसमात घरात केक ठरवताना एवढे करा. फुले करणारीला आधी विचारा, किती तास लागतील. उत्तर ऐकून घ्या आणि मग भाव ऐका. परवडत असेल तर हो म्हणा. परवडत नसेल तर पाच गुलाबांऐवजी दोन घ्या, तासांचे पैसे पाडू नका. दोन गुलाबांचा केकही चांगलाच दिसतो.